मेवोचा पाय

रझियाने पिशवी टेबलावर ठेवली, आडवी पडू लागली तशी हाताने सावरून उभी केली आणि मगच हात काढला. पावाच्या दुकानाची कापडी पिशवी. वरून बूट डोकावत होता. तपकिरी, पॉलिश केलेला, नाडी बांधलेली.

"घ्या मिस्त्री," ती म्हणाली. "तुमचा माल तुम्हाला परत."

नुसरेतने हातातली कानस खाली ठेवली. तिचा नवरा मेव्लुदिन, सगळ्यांचा मेवो, गेल्याचं त्याला ठाऊक होतं. दफनाला तो गेला होता, खांदा दिला होता. तिला भेटायला मात्र पाय उचलला नव्हता. आज जाऊ, उद्या जाऊ असं चाललं होतं, आणि आता तीच दारात येऊन उभी होती.

"बसा वहिनी. कॉफी टाकतो."

"कॉफी राहू द्या. मला एक सांगा." ती बसली नाही. "दर गुरुवारी तुमच्याकडे येत होता ना तो? पाऊस असो, बर्फ असो. 'बोल्ट आवळून येतो' म्हणून सकाळी निघायचा तो दिवेलागणीला उगवायचा. मी म्हणायची, एका बोल्टाला अख्खा दिवस? तर म्हणायचा, रांग असते तिथे. इतकी वर्षं दर आठवड्याला आवळलेला बोल्ट, मिस्त्री, तो बसमधून उतरताना दगा देतोच कसा?"

नुसरेतने पिशवी आपल्याकडे ओढली.

मेवो त्याच्याकडे यायचा तो वर्षाकाठी तीनदा, फार तर चारदा. गेल्या हिवाळ्यापासून तर फिरकलाच नव्हता.

"उघडून बघतो," तो एवढंच म्हणाला.

"बघा. मी इथेच आहे." आता ती बसली. पर्स मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले. कोणी उठवलं तरी उठायची नाही असं तिचं बसणं होतं.

तुझला शहराच्या इस्पितळामागे ही कार्यशाळा होती. जिना नको म्हणून तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला. युद्धाआधी नुसरेत कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. युद्धात इस्पितळवाल्यांनी त्याला एका थंडगार खोलीत नेऊन विचारलं होतं, "तू फिटर ना? मग पाय बनवता येईल का?" तेव्हापासून तो पायच बनवत आला होता. लग्न राहून गेलं, केस गेले, आधी लाकूड होतं, मग प्लास्टिक आलं, मग कार्बन आला. बोळातून येणारं माणूस दिसायच्या आधी त्याला पावलांवरून कळायचं. मेवोचं पाऊल तर वेगळंच होतं. आधी चांगल्या पायाचा भरीव आवाज, मग दुसऱ्याचा हलका, जरा घाईचा, जणू त्या पायाला जमिनीवर फार वेळ राहायचं नसे.

मेवो गेल्यानंतरही ते पाऊल एकदा आलं होतं. दुपारी, तो एकटाच असताना. बोळाच्या मध्यापर्यंत आलं आणि थांबलं. नुसरेतने दार उघडून पाहिलं होतं. फरशीवर ऊन पडलं होतं, बाकी काही नव्हतं.

मागच्या भिंतीला एक रुंद फळी होती. माणूस गेलं की घरचे लोक पाय परत आणून देत. घरात ठेवायला भीती वाटे, टाकवत नसे. नुसरेत ते खोलायचा, धातूचे भाग दुसऱ्या कोणाच्या कामी यायचे. खोलण्याची वाट बघत ते पाय त्या फळीवर ओळीने उभे असत, बुटांसकट. खोलीत शांतता झाली की तिकडून मधूनच बारीक 'कट्' असा आवाज यायचा. कार्बन आळस देतो, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. स्वतःला सांगताना मात्र त्याची जीभ अडखळायची.

त्याने मेवोचा पाय टेबलाला लावलेल्या शिकंज्यात धरला, बूट काढला, मोजा काढला. गुडघ्याखालचा उरलेला पाय ज्यात बसतो ते कार्बनचं काळं कवच, त्याच्या बुडाशी धातूची पट्टी, ती धरून ठेवणारे चार बोल्ट, मग नळी आणि पाऊल. पट्टी एका बाजूने सुटून लोंबत होती. पुढचे दोन बोल्ट जागच्या जागी होते, पण त्यांच्याभोवतीचं कवचच फाटलं होतं.

त्याने वॉशर उचलला आणि भिंग डोळ्याला लावलं.

वॉशरखाली एक पांढरट कडं उमटलं होतं. चिरडलेल्या थरांचं. कापडाचे तंतू केसासारखे पिंजून वर आले होते. आणि भोक गोल राहिलं नव्हतं. पुढच्या अंगाला लांबट झालं होतं, ओढून ओढून सैल झालेल्या काजासारखं. मागची दोन भोकं मात्र जवळजवळ कोरी होती.

लोखंडाला लोखंड आवळताना हाताला कसली काळजी नसते. कार्बनचं तसं नाही. तो म्हणजे कापडाचे थर आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. बोल्ट सैल राहिला तर पट्टी कवचावर सरकते, सगळा भार बोल्टाच्या दांड्यावर येतो आणि दांडा भोकाची कड खात सुटतो. नेमका आवळला तर पट्टी आणि कवच एकमेकांना असे घट्ट धरतात की बोल्टाला काही सोसावंच लागत नाही. आणि त्याच्यापुढे आवळत गेलात तर वॉशरखाली थर चिरडतात. वरून दिसत काही नाही. पाय छान घट्ट वाटतो, आठवडाभर चालतोही. मग चिरडलेली जागा दबते, बोल्ट पुन्हा सैल होतो. माणूस पुन्हा आवळतो, आधीपेक्षा जोरात. असं करत करत एक दिवस धरायला आत काही उरतच नाही.

हे सगळं त्याने मेवोला सांगितलं होतं. गेल्या हिवाळ्यात, ह्याच खोलीत.

"परत सैल?" त्याने विचारलं होतं.

"परत," मेवो म्हणाला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्चीवर बसला होता.

"करतोस काय रे ह्याचं? कोणाच्या लग्नात नाचतोस?"

"ह्या वयात मला कोण बोलावतंय लग्नाला? घरी बसून असतो."

"घरी बसून बोल्ट सैल होत नाही, मेवो."

"मग जरा जास्त आवळ की. त्या पान्याचं काय ऐकत बसतोस?"

"जास्त आवळला की आतून मरतो तो. शंभरदा सांगितलंय. आणि हे बघ, पुढच्या वेळी असाच आलास ना, तर मी हात लावणार नाही. डॉक्टरांपुढे नेऊन बसवीन. सांग त्यांना कुठे उंडारतोस ते. लाकडी देतील मग, आणि खरंच बसशील घरी."

मेवो हसला होता. मग म्हणाला होता, "आवळताना सांग हं."

हे ठरलेलंच होतं. ठरावीक जोर झाला की तो पाना 'टक्' करतो. इथे येणाऱ्यांपैकी कोणालाच तो आवाज सोसत नसे. सुरुंगावर पाय पडल्यावर सगळ्यात आधी जे ऐकू येतं, ते तसंच काहीसं असतं म्हणे. नुसरेत आधी "आता" म्हणायचा, मगच पाना ओढायचा. मेवो डोळे मिटून घ्यायचा, आणि आवाज होऊन गेल्यावरही बराच वेळ उघडायचा नाही.

त्यानंतर तो आलाच नव्हता.

"सांगा की," रझिया म्हणाली.

नुसरेतने भिंग खाली ठेवलं. खोटं बोलायला वाव होता. बनावटच वाईट होती, कारखान्यातून आलेलं कापडच तसं होतं, असं सांगितलं असतं तर तिला काय कळणार होतं? पण ती त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती.

"वहिनी, घरी पाना होता का त्याच्याकडे?"

"गादीखाली सापडला. आणि हातभर लोखंडी नळी. मला वाटलं, चोरांसाठी ठेवली असेल."

"चोरांसाठी नाही. नळी पान्याच्या दांड्यावर चढवली की जोर तिपटीने लागतो. तो घरीच आवळत होता. फार आवळला, त्याने कार्बन चिरडला."

"घरी कशाला आवळेल? तुमच्याकडे येत होता ना?"

नुसरेतने वॉशर फडक्यावर ठेवला. फळीवर काहीतरी 'कट्' वाजलं आणि दोघांनीही तिकडे पाहिलं.

"येत नव्हता," रझिया सावकाश म्हणाली.

"कधीमधी यायचा. हिवाळ्यापासून नाही. मी... मी जरा टाकून बोललो होतो त्याला."

"मग गुरुवारी कुठे जायचा?"

"ते मला नाही ठाऊक. पण हा पाय सपाट रस्त्यावर चाललेला नाही, वहिनी. पुढचीच भोकं खाल्ली गेलीत. हा चढावर चाललाय. आणि नुसता नाही, ओझं घेऊन."

"ओझं? साखरेचा पुडा उचलायला सांगितला तर कंबर धरायचा माणूस!" ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "मला सांगा मिस्त्री, आणि सरळ सांगा. कोण आहे ती?"

"अहो, मी असं कुठे म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलं. भोकं म्हणतायत ना." तिचा आवाज चिरकला. "मरताना दोन दिवस होता माझ्यापाशी. डोळे उघडे. सारखा दाराकडे बघत होता. मला वाटलं, न्यायला येणाऱ्या अजराईलची वाट बघतोय. आज गुरुवार आहे का, म्हणून दोनदा विचारलंन मला."

तिने पर्स काखेत घेतली. मग तिला आठवलं तसं म्हणाली, "तो पडला त्या दिवशी त्याची टोपी घरी आणून देणारा ड्रायव्हर होता ना, तो डोंगराकडच्या बसचा होता. मला वाटलं, हा शहरातल्या बसमधून पडला, त्याची गाडी मागे उभी असेल म्हणून धावला बिचारा."

गुरुवारी सकाळी दोघं बसस्थानकावर भेटले. नुसरेतने तिला यायला सांगितलं नव्हतं आणि तिनेही त्याला. रझियाने ठेवणीतला निळा कोट घातला होता, केस रंगवले होते. नुसरेतने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

ड्रायव्हर जाडजूड, बोलघेवडा होता. रझियाला बघून त्याने रेडिओ बंद केला.

"काकू, तुम्ही? बसा, पुढेच बसा."

"माझा माणूस कुठे उतरायचा?"

"वरच्या बुक्वाला. शेवटचा थांबा. तिथे दुसरं कोणी उतरत नाही हो. एकदा विचारलं मी, काका, काय आहे तिथे? तर म्हणाले, हवा चांगली आहे."

"हवा!" रझिया म्हणाली.

"त्या दिवशी खाली येताना गप्पगप्पच होते. पाय धरून बसले होते. मी म्हटलं, काका, थांबा, मी उतरवतो. तर म्हणाले, मला काय धाड भरलीय? आणि पायरीवर..." त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. "नवा रस्ता होणार म्हणतात."

"तिथे कोणी बाई राहते का?"

"एकच राहते. बाकी सगळे गेले."

रझियाने कोटाचं वरचं बटण लावलं. उरलेली वाट ती समोरच्या काचेतून रस्ता बघत होती. नुसरेत मागच्या बाकावर बसून तिची ताठ मान बघत राहिला. मायेवित्सा डोंगरावरचे बीचवृक्ष दोन्ही अंगांनी बसला घासत होते. युद्धाच्या वेळची दोन्ही सैन्यांमधली आघाडीची रेघ ह्याच डोंगरावरून गेली होती. मेवो त्या रेघेवर पूल, खंदक, सुरुंग बघणाऱ्या इंजिनियरांच्या तुकडीत होता, एवढं नुसरेतला माहीत होतं. तिथे काय करायचा ते कधी विचारलं नव्हतं. कोणीच कोणाला विचारत नसे.

वरच्या बुक्वात घरं होती, पण छप्परं नव्हती. खिडक्यांतून झुडपं बाहेर आली होती. एकाच धुराड्यातून धूर निघत होता. बस वळून निघून गेल्यावर इतकी शांतता झाली की नुसरेतला आपल्याच बुटांचा आवाज नकोसा वाटला. आणि पुढे रझिया, मागे आपण, आणि आपल्या मागे आणखी कोणीतरी हलक्या, घाईच्या पावलाने येतंय, असं त्याला वाटत राहिलं. त्याने वळून पाहिलं नाही.

दार त्यांनी वाजवायच्या आधीच उघडलं. रबरी बूट घातलेली, काळा रुमाल बांधलेली, कंबरेत वाकलेली म्हातारी. ऐंशीच्या पुढची. तिने आधी ह्या दोघांच्या मागे पाहिलं, वाटेकडे. मग ह्यांच्याकडे.

"तो नाही आला?"

रझियाने सकाळपासून काहीतरी ठरवून ठेवलं होतं. ते तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिथेच विरलं.

"तू कोण त्याची?" म्हातारीने विचारलं.

"बायको."

"अस्सं." म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पालकाची पिटा तूच करतेस ना, ती पापुद्र्यात गुंडाळून भाजलेली? मीठ कमी घालतेस बाई."

"त्याला रक्तदाब होता!" रझिया तडकली.

तो 'होता' दारात तसाच लोंबकळत राहिला. म्हातारीचा हात चौकटीवर गेला.

"होता?"

"होता," रझिया म्हणाली. या खेपेला हळू.

म्हातारीने छातीवर बोटांनी क्रूसाची खूण केली, मग बाजूला होऊन दार मोकळं केलं. "आत या. कॉफी आहे. पाणी तेवढं पन्हाळीचं आहे, चव लागणार नाही."

तिचं नाव क्रस्तिन्या. खोलीत चूल, पलंग, टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. दाराशी दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन होते, मोठे, दांड्यांना चिंध्या गुंडाळलेले. नुसरेतने ते पाहिले आणि त्याला पुढची दोन लांबट भोकं दिसली.

"झरा खाली आहे," क्रस्तिन्याने त्याची नजर ओळखून सांगितलं. "बीचच्या रानातून वाट जाते. उतरताना काही नाही, येताना छाती फुटते. नळ आमच्याकडे कधी आलाच नाही. माझा ओस्तोया आणायचा पाणी. तह झाला त्या शरदात आम्ही खालून परत आलो. तो म्हणाला, आई, आता संपलं सगळं, झऱ्याचं पाणी आणतो. बादली घेऊन गेला." तिने कॉफीत चमचा फिरवला. "मी इथेच उभी होते. ह्या चुलीपाशी."

नुसरेतने कॅनवरची नजर काढून घेतली.

"पुढे सुरुंग काढणारे आले. लाल पाट्या, कुत्री, सगळं घेऊन. त्यांच्याबरोबर जुने सैनिक होते, कुठे काय पुरलं ते दाखवायला. त्यांच्यात एक लंगडा होता. सगळ्यांच्या मागे. झाडाला टेकून उभा. माझ्या घराकडे बघत होता, आणि मी बाहेर आले तशी मान फिरवलीन. वाट साफ झाली म्हणून सांगून ते गेले. होईना का साफ. मी नाही उतरले कधी त्या वाटेने. विहिरीचं गढूळ प्यायले, पावसाचं प्यायले. मग खूप वर्षांनी एका गुरुवारी हा आला. म्हणे, आजी, मध हवाय का? मधाची बाटली एकच होती त्याच्याकडे. मी म्हटलं, नको. तर म्हणाला, बरं, पाणी तरी आणून देतो."

"तो मध मी घेतला होता," रझिया म्हणाली. "घरासाठी. म्हणाला, बसमध्ये फुटली बाटली."

"फुटली नाही. छान होता."

रझियाच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि तिने ते हाताने दाबलं. मग विचारलं, "तुम्हाला त्याने सांगितलं? की ते सुरुंग त्यानेच..."

"नाही. कधीच नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

क्रस्तिन्या खिडकीपाशी गेली. "अजून कोणी चुकून आलं ना इकडे, तर त्या वाटेवर पायाखाली बघत चालतं. लाकूडतोडे असोत, शिकारी असोत. पाट्या काढल्या तरी मान खालीच. हा मात्र पायाकडे बघायचाच नाही. झाडं बघत चालायचा. एका बीचपाशी थांबायचा, मग पुढच्यापाशी, ओठ हलायचे. पुरणाऱ्याने ठेवलेल्या खुणा मोजत असल्यासारखा. पहिल्याच दिवशी इथून बघितलं मी, आणि हातातला चमचा पडला माझ्या."

"आणि तरी येऊ दिलंत?"

"पहिल्या दिवशी त्याने आणलेलं पाणी ओतून टाकलं मी. सगळं. त्याच्यादेखत, अंगणात. त्याने रिकामे कॅन उचलले आणि परत खाली गेला. त्या पायाने. दुसऱ्यांदा आणलं ते मी ठेवून घेतलं." ती परत येऊन बसली. "पुष्कळदा वाटलं, विचारावं. कॉफी ओतताना अगदी जिभेवर यायचं. मग म्हणायची, विचारलं तर हा पुढच्या गुरुवारी यायचा नाही. आणि एकटीने कॉफी प्यायची माझी सवय मोडली होती."

रझियाने कप उचलला, पण प्यायली नाही. "रात्री उठून बसायचा," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. "नसलेला पाय दुखतोय म्हणायचा. मी चोळायला जायची, तर चोळू काय? चादर चोळत बसायची. मला एकदा सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्याला?"

नुसरेत उठला. त्याला तिथे बसवेना. "मी पाणी घेऊन येतो," तो म्हणाला, आणि दोघींनी काही म्हणायच्या आत कॅन घेऊन बाहेर पडला.

रानाच्या तोंडाशी त्याचे पाय थांबले. वाट स्वच्छ होती, पाचोळ्याने भरलेली, उन्हाचे ठिपके पडलेली. कित्येक वर्षांपूर्वी साफ झालेली. त्याला सगळं माहीत होतं, आणि पाऊल पुढे पडत नव्हतं. ज्या पावलांसाठी त्याने आयुष्यभर काम केलं, ती गेली कुठे, हे त्याने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे माणसं नंतर यायची. त्याने घाम पुसला आणि एकदम उतरायला लागला, पोहता न येणाऱ्याने उडी मारावी तसा.

काही झालं नाही. एक पक्षी ओरडला. झरा दगडातून बोटभर धारेने पडत होता. खाली कोणीतरी कॅन टेकवायला सपाट दगडी चिपा लावून ठेवल्या होत्या. नीट, एकमेकींना घट्ट भिडवून.

परत येताना पहिल्याच वळणावर त्याचा श्वास उखडला. दांड्यांनी बोटं कापली जात होती. सगळं वजन चवड्यांवर येत होतं, टाचा जमिनीला लागतच नव्हत्या. दोन धड पायांचा माणूस तो, आणि झाडाला पाठ लावून उभा राहिला. मागून येणारं ते हलकं पाऊलही थांबलं. नुसरेतने या वेळी वळून पाहिलं. पाचोळा, उतार, खाली झऱ्याची चमक.

"अरे, मला सांगायचं," तो मोठ्याने म्हणाला. "जाड थर दिला असता. पट्टी रुंद लावली असती. सहा बोल्ट घातले असते."

मग त्याला दिसलं की मेवोने तेच सांगितलं होतं. जास्त आवळ, म्हणाला होता. इतकंच सांगता येत होतं त्याला. आणि आपण त्याला डॉक्टरांची भीती घातली. पान्याचा जोर अचूक ठेवला आणि माणसाला विचारलं नाही, की बाबा, का?

त्याने कॅन उचलले. मध्ये अनेकदा टेकवले, पण सांडू दिले नाहीत.

अंगणात आला तेव्हा आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. भांडण झालं असेल, किंवा दोघी रडत असतील, ह्या विचाराने तो जरा दाराबाहेरच घुटमळला. मग खांद्याने दार ढकललं.

टेबलावर वाळूने भरलेला पत्र्याचा डबा होता आणि वाळूत दोन बारीक पिवळ्या मेणबत्त्या खोचलेल्या होत्या. एक ओस्तोयाची, अर्धी जळालेली, आणि एक नवी. क्रस्तिन्या तिच्या खुर्चीत डोळे मिटून ओठ हलवत होती. रझिया समोर बसली होती, निळा कोट अंगातच होता. उघड्या दारातून वारा शिरला तशा दोन्ही ज्योती आडव्या झाल्या. रझियाने मागे न बघता हाताचा पंजा पुढे केला आणि त्यांच्याभोवती धरला, आधी जुन्या ज्योतीभोवती, मग दोन्हींभोवती.

"दार लावा, मिस्त्री," ती म्हणाली. "वारा येतोय."